गृहीतकांची वही: मायक्रोच्या सेमिस्टरमधल्या प्रकल्प नोंदी

१२ जुलै

या सेमिस्टरला इंटरमीजिएट मायक्रो (सूक्ष्म अर्थशास्त्र) आहे आणि अंतर्गत मूल्यमापनाचा प्रकल्पही याच पेपरात करायचा आहे. विषय पक्का झाला: गृहीतकांची वही. अभ्यासक्रमात जो महत्त्वाचा निष्कर्ष येईल तो डाव्या पानावर लिहायचा आणि तो कशाकशाच्या आधारावर उभा आहे तेही तिथेच नोंदवायचं. उजव्या पानावर त्यातलं एकच गृहीतक काढून टाकायचं, बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, आणि काय पडतं, काय टिकतं ते आकड्यांनिशी दाखवायचं. उदाहरण हाताने सुटणारं हवं, एवढी एकच अट.

या कल्पनेमागे एक जुनी खदखद आहे. अर्थशास्त्र शिकतोय म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं, ‘तुमची गृहीतकंच अवास्तव, मग पुढच्या गणिताला काय अर्थ?’ ही तक्रार मला कायम अर्धवट वाटत आली आहे. अवास्तव गृहीतक कुठे नसतं? खरा प्रश्न असा की ते नेमका कोणता निष्कर्ष तोलून धरतं. काही गृहीतकं काढून टाकली तरी काहीच हलत नाही, आणि काहींना हात लावला की अख्खा सिद्धांत कोसळतो. कोणतं कशातलं, हे पाठांतराने कळणार नाही.

१९ जुलै

पहिलं पान: पसंतिक्रम आणि युटिलिटी फंक्शन. पहिल्या वर्षी युटिलिटी फंक्शन आयतं मिळायचं. आता कळतंय की मुळात पसंतिक्रम असतो आणि फंक्शन ही त्याला संख्या चिकटवण्याची सोय आहे. क्रम सोडून त्या संख्यांना दुसरा काही अर्थ नाही. ही सोय कधी उपलब्ध असते?

पूर्णता (कोणत्याही दोन पर्यायांची तुलना करता येणं) आणि संक्रमकता (अ हा ब पेक्षा आणि ब हा क पेक्षा सरस, तर अ हा क पेक्षा सरस) एवढ्यावर भागेल असं वाटतं, पण भागत नाही. उजव्या पानावर शब्दकोशी पसंतिक्रम घेतला: क्ष आणि य या दोन वस्तूंचे दोन गठ्ठे समोर आले तर ज्यात क्ष जास्त तो सरस, आणि क्ष अगदी सारखा असेल तरच य कडे बघायचं. शब्दकोशात शब्द लावतात तसंच. हा क्रम पूर्ण आहे, संक्रमक आहे, तरी त्याला युटिलिटी फंक्शन नाही.

पुरावा इतका देखणा आहे की तो आज दोनदा लिहून काढला. असं फंक्शन आहे असं क्षणभर धरा. क्ष चं कुठलंही प्रमाण घ्या आणि दोन गठ्ठे बघा: क्ष सोबत ० य, आणि क्ष सोबत १ य. दुसरा सरस, म्हणून त्याची संख्या मोठी, म्हणून दोन संख्यांच्या मध्ये थोडी मोकळी जागा आहे आणि त्या जागेत एक तरी परिमेय संख्या बसते. क्ष बदलला की ती जागाही वेगळी होते, आणि कोणत्याही दोन जागा एकमेकींवर चढत नाहीत. म्हणजे प्रत्येक वास्तव संख्येला स्वतःची वेगळी परिमेय संख्या मिळाली. पण परिमेय संख्या गणनीय (पहिली, दुसरी, तिसरी अशा यादीत मांडता येणाऱ्या) आणि वास्तव संख्या अगणनीय, इतक्या परिमेय संख्या आणायच्या कुठून? विसंगती आली, म्हणून फंक्शन नाही.

डेब्रूने हे उदाहरण १९५४ मध्ये मांडलं. काम करणारं गृहीतक म्हणजे सातत्य: गठ्ठा कणभर बदलला तर पसंती अचानक उलटू नये. आणि काय टिकलं, तेही नोंदवायला हवं: या माणसाची मागणी अगदी व्यवस्थित सांगता येते. तो सगळं उत्पन्न क्ष वर खर्च करतो. फंक्शन गेलं, मागणी राहिली.

२८ जुलै

बजेट लाइन (उत्पन्नात परवडणारे गठ्ठे) आणि इंडिफरन्स कर्व्ह (सारखंच समाधान देणारे गठ्ठे) जिथे स्पर्श करतात तो बिंदू सर्वोत्तम, हे वाक्य आपण मंत्रासारखं म्हणतो. उजवं पान: उ (युटिलिटी) = क्ष² + य², दोन्ही किमती १, उत्पन्न १०. स्पर्शाची अट ५-५ वर पुरी होते आणि तिथे उ = ५०. सगळं उत्पन्न एकाच वस्तूवर घातलं तर उ = १००. लग्रांजच्या गणिती रीतीने, म्हणजे स्पर्शाच्या अटीने, दाखवलेला बिंदू बजेट लाइनवरचा सगळ्यात वाईट बिंदू निघाला. इथे बहिर्वक्रता (दोन टोकांपेक्षा त्यांचं मिश्रण बरं वाटणं) काढली होती, बाकी काहीच नाही.

ज्याला मिश्रण नको असतं त्याच्याबद्दल स्पर्शाची अट काही सांगत नाही. इथे फार वेळ घालवला नाही.

९ ऑगस्ट

स्लट्स्की. या समीकरणाची मी वाट बघत होतो. किंमत वाढली की मागणी दोन कारणांनी बदलते: वस्तू इतरांच्या तुलनेत महाग झाली (पर्यायता परिणाम), आणि खिशातल्या पैशाची ताकद कमी झाली (उत्पन्न परिणाम). स्लट्स्कीने ही फोड १९१५ मध्ये एका इटालियन नियतकालिकात केली होती, पण तिकडे बराच काळ कुणाचं लक्ष गेलं नाही. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन स्वतंत्रपणे तिथेच पोचले.

उदाहरण: उ = क्ष × य, उत्पन्न १२०, दोन्ही किमती १. मागणी ६०-६०. आता क्ष ची किंमत ४ केली. मागणी १५ क्ष, ६० य. क्ष मध्ये एकूण घट ४५. या ४५ ची वाटणी कशी करायची?

हिक्सच्या रीतीने ग्राहकाला जुन्या समाधानाइतके पैसे द्यायचे. उ = ३६०० परत मिळवण्याचा स्वस्तातला मार्ग ३० क्ष आणि १२० य, खर्च २४०. म्हणजे ६० वरून ३० हा पर्यायता परिणाम, ३० वरून १५ हा उत्पन्न परिणाम. स्लट्स्कीच्या रीतीने जुना गठ्ठा परवडेल इतके पैसे द्यायचे: ४ × ६० + ६० = ३००. एवढं उत्पन्न हातात आलं की तो ३७.५ क्ष घेतो. ४५ ची वाटणी २२.५ आणि २२.५.

किंमत कणभर हलली तर दोन्ही रीती एकच उत्तर देतात, म्हणून पाठ्यपुस्तकात दोघांचं सूत्र एकच दिसतं. किंमत चौपट झाली की फरक उघडा पडतो. स्लट्स्कीच्या ३०० मध्ये ग्राहक जुना गठ्ठा घेतच नाही. ३७.५ क्ष आणि १५० य घेतो, आणि उ ३६०० वरून ५६२५ वर जातो. भरपाई गरजेपेक्षा जास्त झाली. माझी प्रोजेक्ट पार्टनर म्हणाली, ‘मग महागाई भत्त्याचंही असंच होत असणार, नाही का?’ अगदी तसंच. ठरावीक टोपलीच्या खर्चावर बेतलेला निर्देशांक नेमकी हीच भरपाई देतो, आणि लोक टोपली बदलतात हे त्याच्या हिशेबात नसतं.

१४ ऑगस्ट

तेच उदाहरण पुढे ओढलं. क्ष ची किंमत १ ची ४ झाल्याने या ग्राहकाचं नुकसान किती?

पहिलं उत्तर: दरवाढीनंतर त्याला पूर्वीइतकं सुखी करायला किती द्यावे लागतील? २४० वजा १२०, म्हणजे १२०.

दुसरं उत्तर: दरवाढ टाळण्यासाठी तो जास्तीत जास्त किती देईल? दरवाढीनंतरचा उ = ९००. जुन्या किमतींना ९०० मिळवायला ३०-३० पुरतात, खर्च ६०. म्हणजे १२० पैकी ६० द्यायला तो तयार होईल.

तिसरं उत्तर मार्शलच्या संतोषाधिक्याचं (मोजलेल्या पैशांहून ग्राहकाला जो जास्तीचा लाभ वाटतो तो): मागणी वक्राच्या डावीकडचं १ ते ४ या किमतींमधलं क्षेत्रफळ. मागणी ६० भागिले किंमत, म्हणून क्षेत्रफळ ६० × लॉग ४ (नैसर्गिक लॉग), सुमारे ८३.१८.

एकच माणूस, एकच दरवाढ, आणि नुकसान ६०, ८३.१८ किंवा १२०. यातलं कोणतंही उत्तर चुकीचं नाही. ‘याला तोटा होऊ नये’ हा हक्क धरला तर १२०. ‘दरवाढ होणारच, टाळायची तर पैसे मोज’ असं धरलं तर ६०. धोरणाच्या चर्चेत ‘लोकांचं नुकसान अमुक इतकं’ असा आकडा कानावर आला की आता मी आधी विचारणार: हक्क कुणाचा धरलाय?

१६ ऑगस्ट

हे पान वहीतलं सगळ्यात आवडतं.

कालपासून डोक्यात होतं की तिन्ही उत्तरं एक कधी होतील. उत्पन्न परिणाम नसेल तेव्हा, हे पुस्तकात आहेच. म्हणून क्वासी-लिनियर फंक्शन (ज्यात य नुसता बेरजेत येतो) घेतलं: उ = ६० × लॉग क्ष + य. य ची किंमत १. सोडवलं तर क्ष ची मागणी निघाली ६० भागिले किंमत.

म्हणजे आधीच्या माणसाची जी मागणी, तीच! उत्पन्न १२० असताना दोघांचा क्ष चा मागणी वक्र हुबेहूब एक. किंमत १ असो, ४ असो, दोघे अगदी सारखेच नग घेतात. दुकानातल्या हिशेबावरून या दोघांत फरक करता यायचा नाही. आणि तरी दरवाढीची पूर्ण भरपाई पहिल्याला १२०, दुसऱ्याला ८३.१८. दुसऱ्याच्या बाबतीत तिन्ही मापं ८३.१८ वर येऊन मिळतात.

फरक उघड करायचा तर उत्पन्न हलवायला हवं. दोघांना १८० द्या. पहिला ९० भागिले किंमत इतके नग घेईल, दुसरा ६० भागिले किंमत वरच राहील. म्हणजे कल्याणाबद्दल बोलायचं तर किंमत आणि नगांची आकडेवारी कितीही बारकाईने गोळा केली तरी अपुरी. उत्पन्न बदलल्यावर काय होतं तेही लागतंच. विलिगने १९७६ मध्ये दाखवलं की उत्पन्न परिणाम लहान असेल तर मार्शलचं माप दोन्ही टोकांच्या जवळच असतं. आमच्या उदाहरणात निम्मं उत्पन्न एकाच वस्तूवर जातंय आणि किंमत चौपट झाली आहे, म्हणून दरी एवढी मोठी. मीठ किंवा काड्यापेटीसारख्या वस्तूत ती दिसणारही नाही. घरभाड्यात दिसेल.

३० ऑगस्ट

गिफेन वस्तू, म्हणजे महाग झाली की जिची मागणी वाढते. एकच परिच्छेद. वस्तू निकृष्ट (उत्पन्न वाढलं की कमी घेतली जाणारी) असणं पुरत नाही, ती उत्पन्नाचा मोठा वाटा खाणारी हवी. तेव्हाच उत्पन्न परिणाम पर्यायता परिणामावर मात करतो. मार्शलने १८९५ च्या आवृत्तीत गिफेनचं नाव घेतलं, पण भरवशाचा पुरावा बराच काळ नव्हता. जेन्सन आणि मिलर यांनी चीनमधल्या हूनान प्रांतात गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत देऊन पाहिलं आणि २००८ मध्ये निकाल छापले: तांदूळ स्वस्त झाल्यावर या घरांनी तो कमी खाल्ला. वाचलेल्या पैशातून ती अधिक रुचकर अन्नाकडे वळली. मागणीचा नियम मोडला, स्लट्स्कीचं समीकरण मात्र जसंच्या तसं उभं राहिलं.

१२ सप्टेंबर

खर्चाचा भाग. दीर्घकालीन (सगळे घटक बदलता येतात तेव्हाचा) सरासरी खर्चाचा वक्र अल्पकालीन (भांडवल गोठलेलं असतानाच्या) वक्रांना खालून कवेत घेतो. अर्थशास्त्रज्ञ वायनरने १९३१ च्या लेखात आपल्या आरेखकाला असा वक्र काढायला सांगितलं की जो प्रत्येक अल्पकालीन वक्राच्या तळातून जाईल आणि त्यांच्या वर कुठेही जाणार नाही. आरेखक गणितज्ञ होता, त्याने हे होणार नाही असं सांगितलं. हा किस्सा वर्गात नेहमी हशा घेऊन जातो, पण का होत नाही हे आकड्यांत बघितलं पाहिजे.

न = भ × √श असं उत्पादन फंक्शन घेतलं (न म्हणजे नग, भ भांडवल, श श्रम). दोन्ही घटकांचा दर १. भ = ४ वर गोठवलं तर सरासरी खर्चाचा तळ ८ नगांवर येतो आणि तिथे खर्च नगामागे १. दीर्घकालीन वक्र मात्र या वक्राला सुमारे ५.६६ नगांवर स्पर्श करतो, जिथे खर्च १.०६ आहे. तळाच्या डावीकडे!

मग ८ नग काढायचेच असतील तर? भ सुमारे ५.०४ करा, सरासरी खर्च ०.९४५ पर्यंत उतरतो. लहान कारखाना त्याच्या सर्वोत्तम क्षमतेने चालवण्यापेक्षा मोठा कारखाना क्षमतेपेक्षा कमी चालवणं स्वस्त पडतं. प्रमाणानुसार प्रत्याय वाढते असतील (सगळे घटक दुप्पट केले की उत्पादन दुपटीहून जास्त) तोवर हे असंच राहणार. प्रत्याय स्थिर केले, न = √(भ × श), की स्पर्शबिंदू आणि तळ एकत्र येतात. वायनरला हवा तो वक्र तेव्हाच मिळतो, आणि तो निव्वळ आडवी रेषा असतो.

२६ सप्टेंबर

मिड-टर्म. वही बंद. एवढंच की ज्या प्रकरणांची उजवी पानं भरली होती त्यांची उजळणी फार कमी करावी लागली.

८ ऑक्टोबर

अल्पाधिकार, म्हणजे मोजक्याच कंपन्यांचा बाजार. किंमत = १०० − एकूण नग, प्रत्येक नगाचा खर्च १०, दोन कंपन्या. मक्तेदारी असती तर ४५ नग, किंमत ५५, नफा २०२५. कूर्नोच्या (१८३८) पद्धतीने दोघी नग ठरवतात: प्रत्येकी ३०, किंमत ४०, नफा ९००-९००. बर्ट्रांडच्या (१८८३) पद्धतीने दोघी किंमत ठरवतात: किंमत १०, नफा शून्य. मागणी तीच, खर्च तोच, कंपन्या त्याच, फक्त ‘ठरवायचं काय’ एवढं बदललं. स्पर्धेसाठी दोन कंपन्या पुरेत की नाहीत, याचं उत्तर कंपन्या मोजून मिळत नाही.

आता उजवं पान. बर्ट्रांडमध्ये एक गृहीतक दडलेलं आहे: जी स्वस्त विकेल ती सगळी बाजारपेठ पुरवू शकते. ते काढलं आणि प्रत्येकीची क्षमता ३० नगांवर थांबवली. दोघींनी किंमत ४० लावली आहे. एखादीने ३९ केली तर? आधीच ३० च्या ३० विकले जातायत, आणखी नग नाहीतच, निव्वळ तोटा. ४१ केली तर? दुसरी ३० पुरवते, हिच्याकडे ७० − ४१ म्हणजे २९ उरतात, नफा ३१ × २९ = ८९९. एक कमी! किमतीची लढाई चालू असूनही निकाल कूर्नोचा.

क्रेप्स आणि शाइंकमन यांचा १९८३ चा निष्कर्ष याहून पुढचा आहे: आधी क्षमता ठरवा, मग किंमत, तर कंपन्या आपणहून कूर्नोची क्षमता निवडतात. पण त्या ‘७० वजा’ मध्येही एक गृहीतक आहे, ते पार्टनरने पकडलं: स्वस्त दुकानात आधी कोण पोचतं? आपण धरलं की ज्यांना वस्तू सगळ्यात हवी तेच आधी पोचतात. रांग वेगळी लागली तर महाग कंपनीकडे उरणारे ग्राहक वेगळे. डेव्हिडसन आणि डेनेकेरे यांनी १९८६ मध्ये याच जागी बोट ठेवलं आणि कूर्नोचा निकाल टिकत नाही असं दाखवलं. रांगेचा नियम! इतकं छोटं गृहीतक इतकं वजन उचलत असेल असं मला वाटलं नव्हतं.

२१ ऑक्टोबर

सामान्य समतोल (सगळ्या बाजारांत एकाच वेळी मागणी-पुरवठा जुळणं) आणि कल्याणाचे दोन सिद्धांत. पहिला: स्पर्धेतला समतोल पॅरेटो-कार्यक्षम असतो, म्हणजे कुणाचंही न बिघडवता आणखी कुणाचं भलं करता येत नाही. दुसरा: कोणतीही कार्यक्षम वाटणी, सुरुवातीची मालमत्ता योग्य रीतीने फिरवली तर, समतोल म्हणून मिळवता येते. बहिर्वक्रता दुसऱ्याला लागते. पहिल्याला लागत नाही, पण ‘अजून थोडं हवंच’ ही अट त्याला लागते.

ती काढून बघितली. दोघांकडे प्रत्येकी ५-५ नग. पहिल्याला कशानेच काही फरक पडत नाही. दुसऱ्याचा उ = क्ष × य. किमती १-१. दुसरा ५-५ वरच समाधानी, पहिला आपलं धरून बसलाय, दोन्ही बाजारांत मागणी-पुरवठा जुळला. समतोल आहे. पण पहिल्याचं सगळं दुसऱ्याला दिलं तर दुसऱ्याचा उ २५ वरून १०० होतो आणि पहिल्याचं काहीच बिघडत नाही. समतोल कार्यक्षम नव्हता.

हे उदाहरण कुणाला क्षुल्लक वाटेल. मला ते मोलाचं वाटतं, कारण ‘बाजार कार्यक्षम असतो’ आणि ‘बाजार कार्यक्षम नसतो’ ही दोन्ही वाक्यं किती सैल आहेत ते यात दिसतं. आणि २५-१०० च्या या गणितात न्यायाबद्दल एक अक्षर नाही, हेही डाव्या पानावर ठळक लिहिलं.

२ नोव्हेंबर

शेवटचं पान: अकरलॉफ, १९७०. जुन्या गाड्यांचा बाजार. गुणवत्ता ० ते २ मध्ये समान विखुरलेली, विक्रेत्याला गाडीचं मोल गुणवत्तेइतकं, ग्राहकाला त्याच्या दीडपट. म्हणजे प्रत्येक गाडीचा सौदा दोघांच्या फायद्याचा. पण गुणवत्ता फक्त विक्रेत्याला माहीत. किंमत प असेल तर प पेक्षा कमी प्रतीच्या गाड्याच बाजारात येतात, त्यांची सरासरी प च्या निम्मी, ग्राहकाच्या लेखी मोल पाऊण प. पाऊण मोलाला पूर्ण किंमत कोण देईल? कोणत्याही किमतीला सौदा होत नाही.

सगळे म्हणतात, इथे काम करणारं गृहीतक म्हणजे माहितीची विषमता. बरोबर आहे. पण ती तशीच ठेवून मी दुसरंच काढलं: तळाची गाडी शून्य मोलाची आहे हे.

गुणवत्ता १ ते २ घेतली. किंमत २ ला सगळ्या गाड्या बाजारात येतात, सरासरी १.५, ग्राहकाचं मोल २.२५. पूर्ण बाजार चालतो! ग्राहकाला अजूनही एक गाडी दुसरीपासून वेगळी ओळखता येत नाही. मग ०.५ ते २ घेतली. किंमत प ला सरासरी ०.५ आणि प यांच्या मधोमध, ग्राहकाचं मोल त्याच्या दीडपट, आणि हे प पेक्षा कमी होत नाही ते १.५ पर्यंतच. म्हणून १.५ पर्यंतच्या गाड्या विकल्या जातात आणि त्यावरच्या चांगल्या गाड्या घरीच राहतात.

तळ ०: बाजार नाही. तळ ०.५: दोन तृतीयांश गाड्या. तळ १: सगळ्या. किमान दर्जाची सक्ती म्हणजे खालच्या गाड्या काढून टाकणं. तिच्यामुळे ग्राहकाला काही नवीन कळत नाही, पण कोसळलेला बाजार उभा राहू शकतो. मात्र काढलेल्या गाड्यांचेही मालक असतात आणि त्यांचं काय, हे या गणितात नाही.

६ नोव्हेंबर

वही जमा करायची आहे, तिची प्रत काढून घेतली. पार्टनरच्या मते अकरलॉफच्या पानावर अजून एक प्रश्न उरतो: ग्राहकाच्या दीडपटीऐवजी किती पट असली की तळ शून्य असूनही बाजार चालेल? सोडवलं, दुप्पट. दीड आणि दोन यांच्या मध्ये कुठेही थांबलं तरी शून्यच सौदे, आणि दुप्पट होताच सगळ्या गाड्या एकदम. मधली पायरीच नाही. हे गुणवत्ता समान विखुरलेली धरल्यामुळे होतंय, असा माझा अंदाज आहे. सुट्टीत दुसरं वितरण घालून बघणार.